सांताचे गाव खरे, नावाचे गाव दुसरेच : अंताल्याहून डेम्रेची एक दिवसाची सहल

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरील अंताल्या शहरात ‘सांताक्लॉजच्या गावाची सहल’ अशा नावाने एक दिवसाची बससहल मिळते. ती चालवणाऱ्या कंपन्या बऱ्याच असल्या तरी कार्यक्रम थोड्याफार फरकाने सगळ्यांचा सारखाच असतो. सकाळी हॉटेलच्या दारातून उचलतात, डेम्रेलगतच्या मायरा या प्राचीन शहराची खडकात कोरलेली थडगी आणि रोमन नाट्यगृह दाखवतात, डेम्रे गावातल्या संत निकोलसच्या चर्चमध्ये नेतात, जेवू घालतात, केकोवा बेटाच्या कडेने नौकेतून फिरवतात आणि अंधार पडल्यावर परत आणून सोडतात. मी घेतलेल्या सहलीच्या जाहिरातीत याखेरीज आणखी एक आश्वासन होते, आणि त्याच्याच मोहाने मी ती निवडली. बसमध्ये प्रत्येकाला हेडफोन देऊन सांताक्लॉज हा माणूस कोण आणि त्याला हे नाव कसे पडले याची संपूर्ण कहाणी ध्वनिमुद्रित निवेदनातून ऐकवली जाईल, असे त्यात म्हटले होते. शब्दांच्या व्युत्पत्तीचा मला जुना नाद आहे, त्यामुळे डोंगर आणि समुद्र यांच्यापेक्षा त्या निवेदनाचीच मला अधिक उत्सुकता होती.

निकाल आधीच सांगून टाकते. माणसाची गोष्ट कंपनीच्या मार्गदर्शक बाईंनी इतकी नेटकी सांगितली की तेवढ्यासाठीही दिवस सार्थकी लागला. नावाच्या गोष्टीत मात्र ध्वनिफितीने घोळ घातला, आणि तो साधासुधा घोळ नव्हता, कारण दोनशे वर्षांपूर्वी एका विनोदी लेखकाने थट्टेने लिहिलेला प्रसंग तिने गंभीर आवाजात इतिहास म्हणून ऐकवला. पाचपैकी मी साडेतीन तारे देते. त्यांतले तीन मार्गदर्शक बाईंचे आहेत.

अंताल्यापासून डेम्रे साधारण एकशे चाळीस किलोमीटरवर आहे. रस्ता किनाऱ्याला धरून जातो, वळणांचा आहे, आणि ज्यांना बस लागते त्यांनी पुढच्या आसनांचा आग्रह धरावा. खिडकी डावीकडची घ्यावी, म्हणजे जाताना समुद्र आपल्या बाजूला राहतो. फिनिकेच्या आसपास संत्र्यांच्या बागा लागतात आणि डेम्रे जवळ आले की प्लास्टिकने झाकलेल्या हरितगृहांचे पांढरे पट्टे दूरवर पसरलेले दिसतात, कारण या गावाचा खरा धंदा टोमॅटोचा आहे, सांताचा त्यानंतरचा. बस स्वच्छ होती, चालक सावध होता आणि वेळ पाळली गेली, त्यामुळे या बाजूबद्दल अधिक काही लिहिण्यासारखे नाही.

चर्चपाशी उतरल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की इमारत समोर दिसत नाही, खाली दिसते. शेजारच्या नदीने शतकानुशतके आणलेल्या गाळाने हा सारा परिसर भरत गेला आणि जुने चर्च आजच्या गावाच्या पातळीखाली गेले. त्यामुळे उतरून जावे लागते, आणि वर संरक्षणासाठी घातलेले आधुनिक छप्पर असल्याने प्रथमदर्शनी आपण एखाद्या चालू उत्खननाच्या जागी आलो आहोत असेच वाटते. आजच्या वास्तूचा मोठा भाग आठव्या शतकातला मानला जातो, त्याखाली त्याहून जुन्या चर्चचे अवशेष आहेत, आणि अकराव्या शतकात, १०४३ साली, बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचा सम्राट नववा कॉन्स्टंटाइन याने येथे मोठी दुरुस्ती करवली. एकोणिसाव्या शतकात रशियाने या जागेत लक्ष घातले, कारण निकोलस हा रशियनांचा अत्यंत लाडका संत आहे. त्या काळच्या डागडुजीच्या खुणा मूळ बांधकामापेक्षा वेगळ्या कशा ओळखायच्या, हे बाईंनी भिंतीजवळ उभे राहून, दगडांच्या थरांकडे बोट दाखवून सांगितले. पुढे तुर्की पुरातत्त्वज्ञांनी १९६० च्या दशकापासून शास्त्रीय उत्खनन सुरू केले.

आत गेल्यावर नजर आधी पायांखाली जाते. रंगीत संगमरवराचे तुकडे कापून, वर्तुळे आणि चौकोन जुळवून केलेली ती जमीन जागोजागी झिजली आहे, आणि ज्या वाटेने भाविक सर्वाधिक गेले असतील त्या वाटेवर दगडाची कड बोटाला लागत नाही इतकी गुळगुळीत झाली आहे. वेदीमागच्या अर्धगोल भिंतीला धर्मगुरूंना बसण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची दगडी बैठक आहे आणि तिच्याखालून एक अरुंद बोळ जातो. कमानींच्या आतल्या अंगाला भित्तिचित्रे आहेत. त्यांतली बरीचशी पुसट झाली असली तरी निकोलसच्या चरित्रातले प्रसंग क्रमाने रंगवलेला एक भाग अजून ओळखू येतो. बाईंनी येथे एक चांगली गोष्ट केली. त्यांनी चित्रांचा अर्थ लगेच सांगितला नाही, दोन मिनिटे सगळ्यांना नुसते बघू दिले आणि मग विचारले, “यात लाल टोपी कोणाला दिसते का?” कोणालाच दिसली नाही. दाढी छाटलेली, कपाळ उंच, अंगावर बिशपचा झगा आणि हातात ग्रंथ असलेला एक कृश, गंभीर माणूस तेवढा दिसला.

हा माणूस म्हणजे मायराचा बिशप निकोलस. परंपरेप्रमाणे तो तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात जवळच्याच पातारा या बंदरगावी एका सुखवस्तू घरात जन्मला आणि ६ डिसेंबर ३४३ रोजी वारला. त्याच्या हयातीतला एकही कागद आज उपलब्ध नाही, हे बाईंनी न लपवता सांगितले, आणि या सहलीतला मला सर्वांत आवडलेला क्षण तोच होता, कारण पर्यटकांपुढे असे बोलणे धंद्याच्या दृष्टीने सोयीचे नसते. ३२५ सालच्या निकियाच्या धर्मपरिषदेला तो हजर होता असे म्हणतात. उपस्थितांच्या ज्या याद्या आपल्यापर्यंत पोचल्या आहेत त्यांपैकी काहींत त्याचे नाव आहे, काहींत नाही. त्या परिषदेत त्याने पाखंडी ठरलेल्या एरियसच्या कानाखाली वाजवली ही गोष्ट तर कित्येक शतकांनंतरची आहे. आमच्या गटातल्या एका गृहस्थांना तीच तेवढी माहीत होती आणि ती खोटी म्हटल्यावर ते जरा हिरमुसले.

मग पक्के काय उरते? सहाव्या शतकात त्याची कीर्ती राजधानीपर्यंत पोचली होती, कारण सम्राट जस्टिनियनच्या काळात कॉन्स्टंटिनोपलमध्ये त्याच्या नावाचे देवालय उभारले गेल्याची नोंद इतिहासकार प्रोकोपियस याने केली आहे. त्याच्याविषयीची सर्वांत जुनी कथा भेटवस्तूंची नाही, न्यायाची आहे. तीन निरपराध माणसांचा शिरच्छेद होणार असताना निकोलस धावत गेला आणि त्याने मारेकऱ्याच्या हातातली तलवार धरली, आणि पुढे अशाच खोट्या आरोपात सापडलेल्या तीन सेनाधिकाऱ्यांसाठी तो सम्राट कॉन्स्टंटाइनच्या स्वप्नात जाऊन उभा राहिला, अशी ती कथा. खलाशांचा, कैद्यांचा आणि अडल्यानडल्यांचा कैवारी हीच त्याची पहिली ओळख होती. देणारा म्हणून तो नंतर ओळखला गेला.

देण्याची ती कथा मात्र मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. पातारामधला एक कुलीन माणूस धुळीला मिळाला. त्याच्या तीन मुली उपवर होत्या, हुंड्याला पैसा नव्हता, आणि शेवटचा उपाय म्हणून त्यांना देहविक्रयाला लावण्याचा विचार त्याच्या मनात येऊ लागला. निकोलसला हे कळले तेव्हा त्याने रात्री सोन्याची थैली खिडकीतून आत टाकली आणि थोरलीचे लग्न झाले. दुसऱ्या खेपेस दुसरीचे झाले. तिसऱ्या खेपेस बाप जागत बसला होता, त्याने पाठलाग करून दात्याला गाठले आणि पाय धरले, तेव्हा निकोलसने त्याला हे कोणाला सांगू नकोस अशी शपथ घातली. नवव्या शतकात लिहिलेल्या एका चरित्रात ही कथा सविस्तर येते, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर साडेचारशेहून अधिक वर्षांनी. युरोपातल्या चित्रांत निकोलसच्या हातात किंवा पायाशी तीन सोन्याचे गोळे दिसतात ते या तीन थैल्यांचे. रात्र, गुप्तता, झोपलेले घर आणि सकाळी सापडलेले धन हे पुढच्या सांताचे सगळे सामान या एका कथेत आहे. आमच्या बाईंनी ही कथा सांगताना हुंडा या शब्दाशी थांबून माझ्याकडे पाहिले आणि “तुमच्याकडे हे ठाऊक असेल,” असे म्हणाल्या. मी मान हलवली. त्यावर बोलण्यासारखे पुष्कळ होते, पण गट पुढे निघाला होता.

दक्षिणेकडच्या दालनात काचेआड एक दगडी शवपेटी ठेवली आहे आणि गर्दी तिथेच असते. तिची एक बाजू फोडलेली आहे. भगदाडाच्या कडा ओबडधोबड आहेत, आणि बाजूच्या पृष्ठभागावरचे नाजूक कोरीवकाम त्या भगदाडाशी येऊन तुटते. रशियाहून आलेल्या स्त्रिया डोक्यावरून रुमाल घेऊन काचेला कपाळ टेकवत होत्या. एकीने पिशवीतून छोटे चित्र काढून क्षणभर काचेला लावले आणि पुन्हा कापडात गुंडाळून ठेवले. ती पेटी रिकामी आहे, आणि ही नेमकी त्याचीच पेटी असे छातीठोकपणे कोणी म्हणू शकत नाही. तरी तिच्यासमोर मोठ्याने बोलणाऱ्याला कोणी दटावण्याची वेळ येत नव्हती.

पेटी रिकामी का, याचे उत्तर इटलीत आहे. १०७१ साली मांझिकर्टच्या लढाईत बायझंटाइन सैन्य हरल्यानंतर हा प्रदेश सेल्जुक तुर्कांच्या दबावाखाली आला, तीर्थयात्रा अवघड झाली, आणि त्याचा फायदा घेऊन बारी शहरातल्या खलाशांनी १०८७ साली येथे येऊन थडगे फोडले आणि अस्थी जहाजावर चढवल्या. ९ मे १०८७ रोजी त्या बारीला पोचल्या. तेथे उभारलेल्या सान निकोला या भव्य चर्चमध्ये त्या आजही आहेत. घाईत जे तुकडे मागे राहिले ते पुढे इ. स. ११०० च्या सुमारास व्हेनिसच्या लोकांनी नेले. विसाव्या शतकात बारी आणि व्हेनिस या दोन्ही ठिकाणच्या अस्थींची तपासणी झाली, तेव्हा दोहोंचे तुकडे एकाच सांगाड्याचे असावेत असा निष्कर्ष निघाला. बारीच्या लोकांच्या भाषेत या कृत्याला चोरी म्हणत नाहीत, ‘स्थलांतर’ म्हणतात, आणि त्या दिवसाचा उत्सव करतात. बाईंनी हा शब्द उच्चारताना भुवई किंचित वर नेली, तेवढीच काय ती तुर्की बाजू. २०१७ साली येथील अधिकाऱ्यांनी जमिनीखाली पोकळी असल्याचे रडार पाहणीत आढळल्याचे जाहीर केले आणि खरे थडगे अजून खालीच असावे अशी आशा व्यक्त केली. ही बातमी जगभर गाजली, आणि ध्वनिफितीने ती जवळजवळ सिद्ध झाल्यासारखी ऐकवली. बाईंनी तिला आशेच्याच जागी ठेवले.

बाहेर पडल्यावर पुतळ्यांचा किस्सा चुकवू नये. २००० साली रशियाकडून भेट मिळालेला निकोलसचा कांस्य पुतळा गावाच्या चौकात उभा केला गेला. तो अर्थातच संताचा होता. पाच वर्षांनी तो हलवून त्याच्या जागी लाल पोशाखातला, प्लास्टिकचा, घंटी हातात घेतलेला सांता आणला गेला, कारण पर्यटक ज्याला ओळखतात तोच चौकात हवा असे नगरपालिकेचे मत पडले. रशियातून निषेध झाला, मूळ पुतळ्याला चर्चजवळ जागा मिळाली, आणि पुढे तो प्लास्टिकचा सांताही गेला. सतराशे वर्षांपूर्वीच्या बिशपला त्याच्याच गावात त्याच्याच नातवाने घराबाहेर काढावे असा हा प्रकार, आणि माणूस व नाव यांच्यातले अंतर या एका चौकात जितके स्वच्छ दिसते तितके कोणत्याही ध्वनिफितीत ऐकू येणार नाही. तुर्की लोक स्वतः या दोघांना मिळून ‘नोएल बाबा’ म्हणतात. त्यातला नोएल हा फ्रेंच भाषेतून आलेला नाताळ, आणि बाबा म्हणजे आपलाच बाबा. म्हणजे सांताक्लॉज हे नाव सांताक्लॉजच्या गावात कोणी वापरतच नाही.

आता त्या ध्वनिफितीकडे येते. परतीच्या वाटेवर, सगळे दमलेले असताना, तिचा दुसरा भाग लावला गेला. तिचे म्हणणे थोडक्यात असे : ‘सांता’ हा संत या अर्थाचा दक्षिण युरोपीय शब्द, ‘क्लॉज’ हे निकोलसचे लाडके रूप. डच लोक १६२० च्या दशकात अमेरिकेला गेले तेव्हा त्यांच्या पहिल्या जहाजाच्या नाळेवर रुंद काठाची टोपी घातलेला, लांब चिलीम ओढणारा संत निकोलस कोरलेला होता, आणि तेथून सांताक्लॉज अमेरिकेत उतरला. पुढे एका शीतपेयाच्या कंपनीने त्याला लाल कपडे दिले. एवढ्या चार वाक्यांत तीन चुका आहेत, आणि ज्या सहलीचा विक्रीचा मुद्दाच नावाची कहाणी हा आहे तिने त्या कराव्यात हे मला पटत नाही.

पहिली चूक ‘सांता’ची. स्पॅनिश आणि इटालियन भाषांत ‘सांता’ हे स्त्रीलिंगी रूप आहे, ते संत स्त्रीला लागते. दाढीवाल्या बिशपला ते लागले असते तर तेथल्या लोकांना हसू आले असते. नावाचा खरा उगम डच भाषेत आहे. डच लोक या संताला ‘सिंट निकोलास’ म्हणत, आणि रोजच्या तोंडी त्याचे झाले ‘सिंटरक्लास’. मूळ ग्रीक नाव निकोलाओस, त्यात ‘निके’ म्हणजे विजय आणि ‘लाओस’ म्हणजे लोक. आपण नाव लाडाने आखडतो तेव्हा डोके ठेवून शेपूट कापतो, सदाशिवाचा सदू होतो आणि नारायणाचा नारू. डच आणि जर्मन बोलीत याच्या उलट झाले : ‘निको’ गळला आणि ‘क्लास’, ‘क्लाउस’ उरला. म्हणजे लोकांचा विजय या नावातला विजय बहुतांशी गेला आणि लोक राहिले. सिंटरक्लास आजही नेदरलंड्समध्ये येतो तो नाताळला नाही, ५ डिसेंबरच्या संध्याकाळी, म्हणजे निकोलसच्या स्मृतिदिनाच्या आदल्या रात्री. अंगावर बिशपचा लाल झगा, डोक्यावर उंच मुकुट, हातात दंड, आणि मुलांनी त्याच्या घोड्यासाठी गाजर घालून चुलीपाशी ठेवलेले बूट. तो आगबोटीने स्पेनहून येतो ही कल्पना १८५० च्या सुमारास एका डच शिक्षकाच्या बालपुस्तकातून रूढ झाली, म्हणजे तीही फार जुनी नाही.

याच ठिकाणी आमच्या शेजारच्या आसनावरील एका हौशी प्रवाशांनी मला सांगितले की सांता म्हणजे तुमच्या भाषेतला संतच. हे अनेकांना वाटते, म्हणून स्पष्ट करते. मराठी ‘संत’ संस्कृतातल्या ‘सत्’ शब्दाच्या ‘सन्तः’ या बहुवचनातून आला आहे, त्याचा मूळ अर्थ असणे, खरे असणे असा आहे. ‘सिंट’, ‘सांता’, ‘सेंट’ ही सगळी मंडळी लॅटिन ‘सांक्टुस’ची, ज्याचा अर्थ पवित्र म्हणून ठरवून दिलेला. ध्वनी आणि अर्थ दोन्ही जुळावेत हा निव्वळ योगायोग आहे, नाते नाही. योगायोग सुंदर आहे हे मात्र मान्य.

दुसरी चूक जहाजाची, आणि ती मोठी आहे. चिलीम ओढणारा निकोलस कोरलेले ते जहाज कधी अस्तित्वात नव्हते. ते वॉशिंग्टन आयर्विंग या लेखकाने, डीड्रिक निकरबॉकर हे खोटे नाव घेऊन, न्यूयॉर्कच्या इतिहासाची टर उडवणाऱ्या पुस्तकात रचले. ते पुस्तक ६ डिसेंबर १८०९ रोजी, म्हणजे मुद्दाम निकोलसच्याच दिवशी प्रसिद्ध झाले. त्यातली थट्टा पुढे इतकी खरी मानली गेली की आजही ती ध्वनिफितींत शिरते. न्यू ॲमस्टरडॅम ही डच वसाहत १६६४ साली इंग्रजांच्या हाती गेली आणि न्यूयॉर्क झाली. सतराव्या शतकातले तेथील डच लोक प्रॉटेस्टंट, म्हणजे संतांची पूजा न मानणाऱ्या पंथाचे होते, आणि चार्ल्स जोन्स या अभ्यासकाने १९५४ साली दाखवून दिले की त्यांनी तिथे निकोलसचा सण साजरा केल्याचा पुरावा फारच तोकडा आहे. नाव छापील स्वरूपात दिसते ते शंभरेक वर्षांनी : डिसेंबर १७७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने ‘सेंट निकोलस, ऊर्फ सेंट अ क्लॉज’ याचा दिवस काही मंडळींनी साजरा केल्याचे छापले. इंग्रजी कानाने ऐकलेला सिंटरक्लास येथे अर्ध्या वाटेवर सापडतो. पुढे न्यूयॉर्क हिस्टॉरिकल सोसायटीचे संस्थापक जॉन पिंटार्ड यांनी ६ डिसेंबर १८१० रोजी निकोलसच्या नावाने मेजवानी दिली आणि तिच्यासाठी एक चित्रपत्र छापून घेतले. त्यात बिशपच्या वेशातला निकोलस आहे, चुलीशी टांगलेले मोजे आहेत, भेट मिळालेली शहाणी मुलगी आहे आणि छडी मिळालेला रडका मुलगा आहे, आणि खालच्या डच कवितेत त्याला ‘सांक्टे क्लाउस’ म्हटले आहे.

तेथून पुढे घडामोडी वेगाने झाल्या. १८२१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या एका छोट्या बालपुस्तिकेत ‘सांटेक्लॉज’ रेनडिअर जोडलेल्या घसरगाडीतून येतो, आणि येतो तो ५ डिसेंबरला नाही, नाताळच्या आदल्या रात्री. २३ डिसेंबर १८२३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय शहराच्या वर्तमानपत्रात एक निनावी कविता छापली गेली. तिने आठ रेनडिअर, धुराड्यातून उतरणे आणि हसताना हलणारे गोल पोट ही सगळी सामग्री कायमची ठरवून टाकली. क्लेमेंट मूर यांनी १८४४ साली ती आपली म्हणून संग्रहात घेतली, आणि ती खरोखर कोणाची यावर अजून वाद घालणारे आहेत. गमतीची गोष्ट म्हणजे या कवितेत ‘सांताक्लॉज’ हे नाव एकदाही येत नाही, सगळीकडे सेंट निकोलसच आहे. चेहऱ्याला नाव चिकटवले ते चित्रकारांनी. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या ऐन भरात टॉमस नास्ट यांनी ‘हार्पर्स वीकली’च्या ३ जानेवारी १८६३ च्या अंकात सैनिकांच्या छावणीत भेटी वाटणारा सांताक्लॉज काढला, ताऱ्यांचा सदरा आणि पट्ट्यांची विजार घालून, आणि त्यानंतर वीसएक वर्षे ते त्याला काढतच राहिले.

तिसरी चूक लाल कपड्यांची. कोका-कोला कंपनीसाठी हॅडन संडब्लॉम यांनी १९३१ पासून रंगवलेल्या सांताने त्याचे गुबगुबीत रूप जगभर पोचवले, यात शंका नाही. पण लाल अंगरख्यातला सांता त्याच्या कितीतरी आधीपासून मासिकांत आणि शुभेच्छापत्रांवर होता, आणि बिशपचा झगा तर मुळातच लाल. शीतपेयवाल्यांनी शिंप्याचे काम केले नाही, जाहिरातदाराचे केले.

एवढे मी बाईंना बसमध्येच हळू आवाजात सांगितले. त्यांनी कान देऊन ऐकले, जहाजाबद्दल स्वतःलाही शंका होती असे म्हणाल्या, आणि ध्वनिफीत आपल्या हातात नसते हेही सांगितले. त्यांची बाजू मला पटली. ज्याला दगडांतले थर दाखवता येतात त्या माणसाला शेवटचा एक तास मोकळा ठेवून फीत बंद केली असती तर सहल कितीतरी चांगली झाली असती.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात. मायराचे नाट्यगृह आणि त्यामागच्या कड्यात घरांच्या दर्शनी भागासारखी कोरलेली लिशियन, म्हणजे या भागातल्या प्राचीन लिशिया प्रदेशाच्या लोकांची थडगी अप्रतिम आहेत, पण उन्हात सावली मिळत नाही, तेव्हा टोपी लागतेच. नौकेची फेरी आल्हाददायक आहे आणि तिचा निकोलसशी काही संबंध नाही. जेवण माफक होते, शाकाहारी माणसाला कोशिंबीर, भात आणि पाव यांवर भागवावे लागले. प्रवेशशुल्क सहलीच्या किमतीत धरलेले नव्हते, हे आरक्षण करताना बारीक अक्षरांत होते, ते मोठ्या अक्षरांत हवे. सर्वांत खटकलेली बाब वेळेच्या वाटणीची : चर्चसाठी पन्नास मिनिटे मिळाली, आणि कंपनीने ठरवलेल्या चित्रमूर्तींच्या दुकानासाठीही जवळजवळ तेवढीच. दुकानात बिशप निकोलस आणि लाल टोपीचा सांता एकाच फळीवर शेजारी शेजारी उभे होते, किंमतही जवळपास सारखी. मी बिशप घेतला.

घरी आल्यावर मी कंपनीला सविस्तर पत्र लिहिले, ध्वनिफितीतल्या तिन्ही चुका क्रमांक घालून कळवल्या आणि जहाजाचे वाक्य तरी काढावे अशी विनंती केली. तीन दिवसांत उत्तर आले. माझ्या अभिप्रायाबद्दल आभार मानून त्यांनी पुढच्या सहलीवर सवलत देऊ केली होती, आणि पत्राच्या माथ्यावर त्यांचे नवे बोधचिन्ह होते : रुंद काठाच्या टोपीतला, लांब चिलीम ओढणारा सांता, जहाजाच्या नाळेवर.